पाटणचा घुमट आणि दहा मिनिटांची चित्रफीत

न्यूयॉर्कला जाणाऱ्या आपल्या समाजातील मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. ४७ व्या रस्त्यावरील हिऱ्यांच्या पेढ्यांत कोणी ना कोणी नातलग अथवा गावकरी निघतोच. त्याच्याकडे चहा होतो, मग स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, टाइम्स स्क्वेअरची रोषणाई, आणि रविवारी क्वीन्स भागातील एल्महर्स्टच्या जैन मंदिरात पूजा. फिफ्थ अॅव्हेन्यूवर ८२ व्या रस्त्यासमोर मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची भव्य इमारत आहे. तिच्या पायऱ्यांवर बसून छायाचित्र काढले जाते आणि बरेचजण तेथूनच परततात. आत जावयाचे तर बाहेरगावच्या प्रौढ माणसाला ३० डॉलरचे तिकीट पडते. आपण व्यापारी माणसे. ३० डॉलरचे रुपये मनातल्या मनात झाल्यावाचून राहत नाहीत.

परंतु त्याच इमारतीत, दक्षिण आशियाई कलेच्या दालनांत, गुजरातमधील पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सागवानी सभामंडप उभा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातले ते काम आहे. वर पाहावे तो एकात एक लहान होत गेलेली कोरीव वर्तुळे, त्यांत वादक, नर्तकी, आपापल्या वाहनांसह अष्टदिक्पाल, आणि बाजूंना हवेलीच्या गवाक्षांची आठवण करून देणारे सज्जे. बारकाईने पाहिले तर लाकडावर जुन्या रंगाचे अंश अजून दिसतात. १९१६ साली रॉबर्ट आणि लॉकवुड दे फॉरेस्ट या दोघा बंधूंनी तो संग्रहालयाला भेट दिला.

एवढी माहिती भिंतीवरच्या पाटीतून मिळते. तेथे येणारा प्रेक्षक मान वर करतो, 'सुंदर' म्हणतो, आणि सरासरी अर्ध्या मिनिटात पुढच्या दालनाकडे वळतो. मी त्या घुमटाखालच्या बाकावर बराच वेळ बसलो होतो, म्हणून हे अनुमान करण्याचे धाडस करतो. माझ्यासोबत न्यू जर्सीत राहणारी माझी अकरा वर्षांची नात होती. तिने मात्र मान वर केली ती लवकर खाली घेतली नाही. त्याचे श्रेय तिच्या नानाजींना नाही. ते आदल्या रात्री घरी पाहिलेल्या काही जुन्या मूकपटांना आहे.

या संग्रहालयाने चित्रफिती बनवण्यास सुरुवात केली ती १९२० च्या दशकात, म्हणजे बोलपट यायच्याही आधी. १९२२ सालची एक चित्रफीत शस्त्रे व चिलखते यांच्या दालनाविषयी आहे. त्या विभागाचे प्रमुख बॅशफर्ड डीन हे मुळात मत्स्यशास्त्रज्ञ; माशांच्या खवल्यांकडून ते चिलखतांकडे वळले की काय, असा विनोद मनात येतोच. काचेच्या कपाटात निर्जीव उभे असलेले लोखंडी चिलखत पाहिले की मुलांना वाटते, हे घालून माणूस हलणार कसा? चित्रफितीत चिलखत घातलेली माणसे चालताना आणि घोड्यावर बसताना दिसतात, आणि प्रश्न शब्दावाचून सुटतो. याच दशकात रॉबर्ट फ्लॅहर्टी या नामवंत दिग्दर्शकाने संग्रहालयासाठी एका कुंभाराच्या कामावर लघुपट केला. चाकावर मातीचा गोळा बसतो, अंगठा आत जातो, भिंत वर चढते. ते पाहिलेले मूल पुढे मातीच्या भांड्यासमोर उभे राहिले की भांड्याच्या आतल्या बाजूला बोटांच्या रेषा शोधू लागते.

तिसरा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटला. हॅरी बर्टन हे नाव तुतनखामेनच्या थडग्याच्या छायाचित्रांमुळे जगाला ठाऊक आहे. ते मेट्रोपॉलिटनच्या मोहिमेचे छायाचित्रकार होते, आणि इजिप्तमधील उत्खननाचे चलत् चित्रणही त्यांनी केले. त्यात राजा नाही, सोने नाही. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या मजुरांची आणि मुलांची अखंड रांग आहे. दालनात जी वस्तू प्रकाशझोतात एकटी उभी असते, तिच्यामागे किती पाठी वाकल्या, हे त्या रांगेवरून कळते. नातीने विचारले, "नानाजी, ह्या मुलांना शाळा नव्हती का?" संग्रहालयाची कोणतीही पाटी तिला हा प्रश्न सुचवू शकली नसती.

२०२० साली संग्रहालयाला १५० वर्षे पूर्ण झाली, तेव्हापासून या जुन्या फिती क्रमाक्रमाने जनतेसाठी खुल्या करण्यात आल्या आणि आता घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. माझा अनुभव असा की त्या भेटीच्या आधी पाहाव्यात. दालनात गेल्यावर भिंतीवरील पडद्यासमोर बसलेले मूल वस्तू सोडून पडदाच पाहते, आणि भेटीनंतर घरी पाहायचे म्हटले तर पाय दुखत असतात. आदल्या रात्री, जेवण आटोपल्यावर, दहा-पंधरा मिनिटे पुरेशी होतात. मूकपटाचा आणखी एक लाभ असा की निवेदक मध्ये बोलत नसल्याने घरातली माणसे बोलतात. आजच्या माहितीपटांत घनगंभीर आवाज आणि पार्श्वसंगीत यांनी इतकी जागा व्यापलेली असते की प्रश्न विचारायला फटच उरत नाही.

आपल्याकडेही ही परंपरा नव्हती असे नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट आमच्या पिढीने चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी पाहिले. खरे सांगायचे तर पुष्कळदा शेंगदाणे सोलत पाहिले. पण त्यांत जहांगीर भावनगरी यांचा 'राधा आणि कृष्ण' यासारखे काम होते. पहाडी लघुचित्रांवरून कॅमेरा सावकाश फिरतो आणि हातभर कागदावरचे चित्र कथेसारखे उलगडत जाते. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांसाठी याहून योग्य रीत कोणती? पर्युषणात चौदा स्वप्नांचे वाचन आपण दरवर्षी ऐकतो. पण जुन्या पोथीतील त्या स्वप्नांचे पान किती जणांनी जवळून पाहिले असेल? उजेडाने रंग उडतात, म्हणून संग्रहालये अशी पाने आलटून पालटून आणि मंद प्रकाशातच मांडतात. पान हाताळता येत नाही आणि पुढचे उलटता येत नाही. चित्रफीत मात्र सारी पोथी क्रमाने उलटून दाखवू शकते, लाल पार्श्वभूमीवरचा तो टोकदार नाकाचा चेहरा आणि गालाबाहेर आलेला दुसरा डोळा पडदाभर मोठा करू शकते.

पुन्हा घुमटाकडे येतो. त्याच्यावर दहा मिनिटांची चित्रफीत करावयाची तर तीत काय असावे, याचा विचार मी त्या बाकावर बसून केला. मला जाणवले की संग्रहालयाला ज्यातले अर्धे दाखवता येईल, त्याचे उरलेले अर्धे आपल्या घरांत आहे.

घडणीची बाजू संग्रहालय उत्तम दाखवील. आबूच्या विमल वसहीत अथवा लूण वसहीत जे संगमरवरी घुमट आपण पाहतो, त्यांत दगडाचा प्रत्येक थर खालच्या थराच्या किंचित पुढे काढलेला असतो. वर्तुळे आक्रसत जातात आणि शेवटी मधले झुंबर लोंबते. दगडाला ती गरज होती. लाकडाला तशी गरज नसते, तरी पाटणच्या सुतारांनी तोच आकार सागवानात उतरवला, कारण भाविकाच्या डोळ्याला मंडपाचे छत म्हणजे तसेच हवे होते. कॅमेरा वर चढवून हे थर एकेक करून दाखवता येतील. जमिनीवरून न दिसणारे दिक्पालांचे चेहरे समोर आणता येतील. रंगांच्या उरलेल्या अंशांवरून पूर्वीचा रंगीत घुमट पडद्यावर पुन्हा रंगवता येईल. आणि हेही दाखवता येईल की ज्या हातांनी देवाचा मंडप कोरला, त्याच हातांनी शेठजींच्या हवेलीचे झरोके कोरले. गुजरातच्या लाकूडकामात देरासर आणि घर यांची नक्षी सख्ख्या बहिणींसारखी आहे.

पण हा मंडप होता कशासाठी? पाटीवर 'सभागृह' या अर्थाचा शब्द आहे. सभा कसली भरत होती? आपल्या घरातील कोणतीही आजी सांगेल की मंडपात स्नात्रपूजा होते, चैत्यवंदन होते, स्तवने म्हटली जातात, पर्वाच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. वर कोरलेले वादक आणि नर्तकी ही नुसती शोभा नाही. खाली जी भक्ती चालते तिचेच ते वरचे प्रतिबिंब आहे. त्या दालनात घुमटाखाली मूलनायक नाहीत, घंटेचा नाद नाही, केशराचा वास नाही. लोक पायांत बूट घालून उभे असतात. ते त्यांच्या परीने योग्यच आहे, कारण ते मंदिरात आलेले नाहीत. मला मात्र बूट घालून तेथे उभे राहताना पाय जड झाले, हे नमूद करतो.

दुसरी गोष्ट शिलालेखाची. पाटणच्या या मंदिराचा लेख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांनी वाचून प्रसिद्ध केला. त्यात खरतरगच्छाच्या आचार्यपरंपरेची नोंद आहे. आणि त्या काळचे आचार्य जिनचंद्रसूरी यांना अकबर बादशहाने 'युगप्रधान' ही पदवी दिल्याचा, आषाढातील आठ दिवस जीवहिंसा थांबवल्याचा आणि खंभातच्या आखातात वर्षभर मासेमारीला मनाई केल्याचा उल्लेख आहे. हे जिनचंद्रसूरी म्हणजे आपल्या चार दादागुरूंपैकी चौथे. पुण्याच्या दादावाडीत दर्शनाला जाणारा श्रावक ज्यांच्या पादुकांपुढे मस्तक ठेवतो, त्यांच्याच काळात हा घुमट उभा राहिला. ही एक गोष्ट सांगितली की न्यूयॉर्कमधील ते लाकूड एकदम ओळखीचे होते. नातीला मी ती सांगितली, तेव्हा तिला मासेमारीच्या मनाईचे सर्वांत जास्त नवल वाटले. "एक वर्षच का?" असे तिचे म्हणणे होते.

तिसरी गोष्ट आपल्याच व्यापारी घराण्याची आहे, आणि तीही पाटीवर मावत नाही. लॉकवुड दे फॉरेस्ट हा न्यूयॉर्कचा चित्रकार व गृहसजावटकार. १८८१ च्या सुमारास तो हिंदुस्थानात आला, अहमदाबादच्या लाकूडकामावर लुब्ध झाला आणि तेथील मगनभाई हठीसिंग यांच्या साहाय्याने त्याने सुतारांचा कारखाना काढला. ज्या हठीसिंग घराण्याने अहमदाबादला धर्मनाथ भगवंतांचे संगमरवरी मंदिर बांधले, तेच हे घराणे. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांचे मध्येच निधन झाले आणि त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी १८४८ साली ते काम पूर्णत्वास नेले. अहमदाबादच्या सुतारांनी कोरलेले सागवान जहाजांतून न्यूयॉर्कला जाऊ लागले. वाडी पार्श्वनाथाचा घुमट दे फॉरेस्ट याच्या हाती आला तो या संबंधांच्या काळात. आणि तो संग्रहालयात पोहोचला त्या वेळी संग्रहालयाचे अध्यक्ष त्याचेच बंधू रॉबर्ट होते.

या कथेचे पुरावे शहरात आजही उभे आहेत, आणि ज्यांना पायी हिंडण्याची हौस आहे त्यांनी ते अवश्य पाहावेत. संग्रहालयातून बाहेर पडून फिफ्थ अॅव्हेन्यूवरून उत्तरेला नऊ रस्ते चालत गेले की ९१ व्या रस्त्यावर पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचा वाडा लागतो. आता तेथे कूपर हेविट हे रचनाकलेचे संग्रहालय आहे. त्यातील एक खोली दे फॉरेस्टने सागवानी नक्षीने सजवलेली आहे. अमेरिकेतील एका अतिश्रीमंत माणसाने आपल्या खासगी खोलीसाठी अहमदाबादच्या सुताराचा हात निवडला, ही गोष्ट त्या खोलीत उभे राहिल्याशिवाय पटत नाही. मग भुयारी रेल्वेने दक्षिणेला जावे. पूर्व १० व्या रस्त्यावर ७ क्रमांकाचे घर दे फॉरेस्टचे स्वतःचे. विटांच्या साध्या दर्शनी भिंतीतून कोरीव सागवानी गवाक्ष पुढे आलेले आहे. ऊन, बर्फ आणि पाऊस सोसून ते सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकले आहे. रस्त्यावरची माणसे मान वर न करता जातात. आम्ही दोघे समोरच्या पदपथावर उभे होतो, तेव्हा एका वृद्ध बाईंनी थांबून विचारले की तुम्ही एवढे काय पाहत आहात? नातीने तिच्या इंग्रजीत त्यांना अहमदाबादपासून सुरुवात केली.

त्याच दिवशी सायंकाळी एल्महर्स्टला गेलो. तेथील बहुमजली इमारतीत श्वेतांबर आणि दिगंबर मंदिरे, अष्टापद, दादावाडी आणि उपाश्रय एकाच छताखाली आहेत. आपल्या गावात ज्यांचे ट्रस्टी एकमेकांशी बोलत नाहीत, ते सारे पंथ तेथे एकाच जिन्याने वर जातात. आरतीची वेळ होती. दुपारी लाकडात पाहिलेले वादक आता हार्मोनियम घेऊन बसले होते. चित्रफितीचा शेवट मला तेथे सापडला: पाटणच्या घुमटावरून कॅमेरा सरळ या आरतीवर यावा, मध्ये एकही शब्द नको.

हे सारे मी लिहितो आहे त्याला आणखी एक कारण आहे. आज पाटणमध्ये वाडी पार्श्वनाथांचे देरासर आहे, पण हा घुमट तेथे नाही. त्याविषयी परकीयांना बोल लावणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. जुने लाकूड उतरवून त्या जागी नवा दगड बसवणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते, आणि उतरलेले लाकूड कोठे गेले याची चौकशी कोणी करत नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात गुजरातची कोरीव दारे पाहा. प्रत्येक दार कुठल्यातरी उंबरठ्यावरून निघालेले आहे. पाटणच्या बाबतीत निदान एक सुदैव असे की पुरातत्त्व खात्याच्या बर्जेस आणि कझिन्स या दोघा अधिकाऱ्यांनी उत्तर गुजरातच्या वास्तूंवरील आपल्या १९०३ सालच्या ग्रंथात या मंदिराची नोंद करून ठेवली. जागेवर असताना मंडप कसा होता, हे सांगणारा तो कागद आहे. त्यात माणसांचा आवाज नाही, एवढीच उणीव.

आमच्या गावच्या मंदिराचा सभामंडपही लाकडी आहे. पाटणच्या तोडीचा मुळीच नाही. आठ खांब, चार कोरीव हत्ती, आणि तुळयांवर कोणा विसरलेल्या रंगाऱ्याने काढलेला पालिताण्याचा पट. वाळवी लागली आहे, पावसाळ्यात छत गळते, आणि जीर्णोद्धाराचा ठराव संघात एकमताने झाला आहे. मूलनायक आहेत तेथेच राहतील. मंडप उतरेल आणि मकराण्याचा उभा राहील. ठरावाला माझाही होकार होता, कारण गळक्या छताखाली पूजा करणाऱ्यांना लाकडाच्या प्राचीनतेचे कौतुक सांगता येत नाही.

न्यूयॉर्कहून परतल्यावर मी संघाच्या सभेत एवढेच सुचवले की उतरवण्यापूर्वी मंडपाची चित्रफीत व्हावी. प्रत्येक खांब चारी बाजूंनी, मापपट्टी शेजारी धरून. तुळयांवरचा पट तुकड्यातुकड्याने, ओल्या पोताऱ्याने न पुसता. शहाऐंशी वर्षांच्या एका श्राविका आहेत, त्यांच्या लग्नानंतरची पहिली पूजा याच मंडपात झाली. त्यांना तेथेच बसवून बोलते करावे. पुजाऱ्यांनी स्नात्राची मांडणी नेहमीप्रमाणे करावी, कॅमेऱ्यासाठी वेगळी नाही. गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ नये; दारातून जे दिसते तेवढे पुरे, कारण आशातना होईल असे काही या कामात नको.

सभेत पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे खात्याचा निघाला. देवद्रव्यातून हा खर्च करता येणार नाही, याविषयी दुमत नव्हते. ज्ञानखात्यातून करावा, तर ते खाते आगमांसाठी आणि पोथ्यांसाठी. चित्रफितीला त्यात बसवावे का, यावर पाऊण तास चर्चा झाली. शास्त्राचा निर्णय महाराजसाहेबांना विचारूनच घ्यावा, असे ठरले. तोवर काम अडू नये म्हणून तीन कुटुंबांनी खर्च आपसांत वाटून घेतला आहे. रक्कम फार नाही. एका लग्नातील फुलांच्या कमानीहून कमी आहे. तालुक्याच्या गावी लग्नांचे चित्रीकरण करणारा एक होतकरू तरुण आहे, त्याला मी नातीच्या मदतीने कुंभाराची ती चित्रफीत दाखवली. त्याने ती दोनदा पाहिली आणि म्हणाला, "काका, ह्यात गाणं टाकायचं नाही ना?"

चैत्री ओळीनंतर मंडप उतरवण्यास सुरुवात होणार आहे. चित्रीकरणासाठी मी तीन दिवस मागितले होते, विश्वस्तांनी दोन दिले आहेत. उतरलेले हत्ती कोठे ठेवायचे, हा विषय पुढच्या सभेवर आहे.